मॅकगव्हर्न, ईगलटन आणि ते १८ दिवस: रनिंग मेट निवडताना नेमकं घोडं कुठे अडलं

पार्श्वभूमी

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की उन्हाळ्यात एक विषय हमखास चघळला जातो, रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, कोण. आपल्याकडे उपराष्ट्रपती खासदार वेगळे निवडून देतात, तिकडे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनेच उभे राहतात आणि एकाच मतात दोघं येतात. जोडीदार कोण घ्यायचा हे जवळपास पूर्णपणे उमेदवाराच्या मर्जीवर असतं, पक्षाचं अधिवेशन वरून शिक्का मारतं. उपाध्यक्षाला एरवी सिनेटच्या खुर्चीत बसण्यापलीकडे फारसं काम नसतं, पण अध्यक्षाला काही झालं तर त्याच दिवशी देश त्याच्या हातात जातो. १९४५ ला रूझवेल्ट गेले आणि मिसूरीचे ट्रुमन अध्यक्ष झाले, १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन झाले, म्हणजे हे पद नुसतं शोभेचं म्हणून सोडून देता येत नाही.

हे प्रकरण १९७२ चं, डेमोक्रॅटिक पक्षाचं, जोडीदार म्हणून घेतलेल्या टॉम ईगलटनला अठरा दिवसांत बाजूला व्हावं लागलं त्याचं. उमेदवार साउथ डकोटाचा सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न, समोर तेव्हाचा रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन. मॅकगव्हर्न व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात ठाम उभा राहिलेला, तरुणांचा लाडका, पण पक्षातल्या जुन्या धेंडांना डोळ्यासमोर नको झालेला. कारण १९६८ ला शिकागोच्या अधिवेशनात जो राडा झाला त्यानंतर डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, निवडायचे नियम बदलायला पक्षाने कमिशन नेमलं, त्याचा अध्यक्ष हाच होता, आणि त्याच नव्या नियमांच्या जोरावर हा प्रायमऱ्या, म्हणजे राज्याराज्यातल्या पक्षांतर्गत निवडणुका, जिंकत वर आला. शिकागोचा महापौर डेली, ज्याच्या शब्दावर इलिनॉयमध्ये पान हलायचं, त्याच्या डेलिगेटांना यावेळी हॉलमध्ये बसायलाच मिळालं नाही. कामगार संघटनांचे पुढारीही फुगून बसलेले. तिकीट मिळणार होतं पण घर फुटलेलं होतं, आणि जोडीदाराने ते घर जोडावं अशी सगळ्यांची अपेक्षा, इथपर्यंत सगळ्यांना कळत होतं.

एक आधीच सांगतो. कॅम्पेनमधल्या स्टाफची नावं मी मुद्दाम घेत नाही. फोनवर नेमकं कोणी काय विचारलं आणि समोरून काय उत्तर आलं याच्या प्रत्येकाच्या आठवणी वेगळ्या आहेत, आणि उगाच एखाद्याच्या माथी सगळं मारण्यात मला रस नाही. नेते मंडळी सार्वजनिक आहेत, त्यांची नावं टाळून हे प्रकरण सांगताच येणार नाही.

अडचण काय होती

मायामी बीचला अधिवेशन १० जुलैला सुरू झालं. मॅकगव्हर्नने कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकली होती, तिथला नियम असा की जो जिंकेल त्याला सगळे २७१ डेलिगेट. पण विरोधकांनी समितीत डाव टाकला आणि त्यातले १५१ काढून घेतले. ते परत मिळाले नाहीत तर तिकीटच जाणार होतं, त्यामुळे सगळी टीम, सगळी डोकी त्या एका भांडणात अडकली. सोमवारी रात्री ते भांडण जिंकलं, बुधवारी रात्री तिकीट मिळालं, आणि गुरुवारी १३ जुलैला दुपारी चारपर्यंत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव द्यायचं होतं.

म्हणजे हातात एक सकाळ आणि अर्धी दुपार!

इथे बरेच जण घड्याळाला दोष देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियाची प्रायमरी ६ जूनला झाली, त्यानंतर महिनाभर होता, आणि शंभर माणसं डेलिगेट मोजत असताना दोन माणसं बाजूला बसवून पाच नावांची नीट चौकशी करायला कोणी अडवलं नव्हतं. ते झालं नाही कारण मॅकगव्हर्नच्या मनात एकच नाव होतं, मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर टेड केनेडी. केनेडी कॅथलिक, कामगारांत वजन, आडनावातच अर्धी निवडणूक. चॅपाक्विडिकच्या अपघाताला, ज्यात त्याच्या गाडीतली तरुणी बुडून गेली, तीनच वर्षं झालेली, घरातले दोन भाऊ गोळ्यांनी गेलेले, आणि केनेडी आधीपासून नाही म्हणत होता, स्पष्ट नाही. पण उमेदवाराला वाटत राहिलं की एकदा आपल्या गळ्यात माळ पडली की तो ऐकेल. बुधवारी रात्री फोन झाला, उत्तर तेच. दुसरं नाव ठरलेलंच नव्हतं.

काय काय पर्याय होते

गुरुवारी सकाळी हॉटेलवर स्टाफची बैठक बसली, वीसेक जण, बरेचसे रात्रभर जागलेले. नावांची यादी चांगली दोन डझनांच्या घरात गेली. या बैठकीत नुसती नावं फेकली जात होती. जोडीदार कशासाठी हवा, हा प्रश्न आधी सोडवला असता तर यादी आपोआप चार-पाचवर आली असती. कोणाला कामगारांना खूश करणारा हवा, कोणाला कॅथलिक हवा, कोणाला शहरातला, कोणाला दक्षिणेतला, आणि काहींचं म्हणणं की आपण नवं राजकारण म्हणून आलो मग जुन्या पद्धतीने बेरीज कशाला करताय. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि निर्णय शून्य.

त्यातून जे फोन झाले ते असे. मिनेसोटाचा सिनेटर वॉल्टर माँडेल, त्याची स्वतःची सिनेटची निवडणूक तोंडावर होती, नाही म्हणाला. कनेटिकटचा एब रिबिकॉफ, जुना मित्र, तोही नाही. मग बॉस्टनचा महापौर केव्हिन व्हाइट, शहरी, कॅथलिक, तरुण, आणि मुख्य म्हणजे तयार. इथे गाडी रुळावर येते असं वाटत होतं, पण मॅसॅच्युसेट्सचे डेलिगेट भडकले, कारण प्रायमरीत व्हाइटने मॅकगव्हर्नचा प्रतिस्पर्धी सिनेटर मस्कीला पाठिंबा दिलेला आणि हे सगळे मॅकगव्हर्नसाठी राबलेले, केनेडीकडूनही थंडा प्रतिसाद. व्हाइटचं नाव मागे घेतलं. मग विस्कॉन्सिनचा गेलॉर्ड नेल्सन, वसुंधरा दिन सुरू करणारा तोच, त्यानेही हात वर केले आणि जाता जाता सुचवलं, तो मिसूरीचा टॉम ईगलटन बघा.

व्हाइटला सोडणं हा माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात दुर्लक्षित निर्णय. एका राज्याचे डेलिगेट रुसले म्हणून तयार असलेला माणूस सोडला, आणि गंमत बघा, नोव्हेंबरमध्ये मॅकगव्हर्नने जिंकलेलं एकमेव राज्य मॅसॅच्युसेट्सच.

ईगलटन कागदावर झकास होता. ४२ वर्षांचा, कॅथलिक, सेंट लुइसचा, कामगार संघटनांशी चांगले संबंध, आधी मस्कीच्या बाजूचा म्हणजे जुन्या लोकांनाही चालणारा. मॅकगव्हर्नची त्याच्याशी ओळख मात्र सिनेटमधल्या सहकाऱ्याइतकीच, घरोबा वगैरे काही नाही. त्याच्या दारूबद्दल कुजबुज होती म्हणून स्टाफमधल्या एकाला फोन फिरवून बघायला सांगितलं, त्याला अफवा ऐकायला मिळाल्या, आजारपणाचंही काहीतरी कानावर आलं, पण हाताला लागेल असं काही नाही, आणि खोदायला वेळ नाही.

काय केलं

पावणेचारच्या सुमारास फोन गेला. मॅकगव्हर्नने विचारलं, ईगलटनने जवळजवळ वाक्य पूर्ण व्हायच्या आत होकार दिला, मग फोन स्टाफमधल्या एकाच्या हातात गेला आणि त्याने विचारलं की जुनी काही भानगड वगैरे नाही ना. उत्तर आलं, नाही. झालं.

आपल्याकडे स्थळ बघताना सुद्धा मधला माणूस "मुलगा चांगला आहे ना" असं विचारून थांबत नाही, पगार किती, घर कोणाचं, आधी कुठे ठरून मोडलं होतं का, असं एकेक विचारतो, कारण "चांगला आहे ना" याला नाही म्हणणारा बाप अजून जन्माला यायचाय. इथे जगातल्या सगळ्यात ताकदवान खुर्चीपासून एक पायरी खालच्या जागेसाठी एक मोघम प्रश्न आणि एक मोघम उत्तर.

ईगलटन खोटं बोलला का, यावर पन्नास वर्षं वाद चाललाय. त्याला १९६०, १९६४ आणि १९६६ असं तीनदा डिप्रेशन आणि थकव्यासाठी हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं आणि त्यातल्या दोन वेळा, १९६० आणि १९६६ ला, शॉक ट्रीटमेंट दिलेली. त्याचं म्हणणं, भानगड म्हणजे पैसे खाणं, काहीतरी घाणेरडं करणं, आजारी पडून बरं होणं ही कुठली भानगड? माणूस म्हणून त्याचं पटतं मला. पण बारा वर्षांहून जास्त काळ निवडणुका लढवलेला माणूस तो, आधी राज्याचा ॲटर्नी जनरल, मग लेफ्टनंट गव्हर्नर, मग सिनेटर, त्याला हे कळत नव्हतं की ही गोष्ट बाहेर आली तर काय होईल, हे पटत नाही. त्याला ते पद हवं होतं आणि प्रश्नाने त्याला पळवाट दिली.

रात्री अधिवेशनात आणखी तमाशा. उपाध्यक्षपदासाठी टेक्सासच्या सिसी फॅरेनथोल्ड या बाईंचं नाव आलं, त्या दुसऱ्या आल्या, आणि डेलिगेटांनी गंमत म्हणून टीव्ही मालिकेतल्या पात्राला आणि चेअरमन माओला सुद्धा मतं टाकली. हे सगळं संपून मॅकगव्हर्न भाषणाला उभा राहिला तेव्हा पहाटेचे पावणेतीन. देश झोपलेला.

नंतरचे दिवस

काही दिवसांत एक निनावी फोन कॅम्पेन ऑफिसला आला आणि एक वर्तमानपत्रांकडे, ईगलटनच्या हॉस्पिटलांबद्दल. नाइट वृत्तसमूहाच्या दोन पत्रकारांनी मिसूरीत जाऊन खणायला सुरुवात केली. त्यांनी लगेच छापलं नाही, हाती आलेलं कॅम्पेनसमोर ठेवलं आणि म्हणाले, यावर बोला. दरम्यान २० जुलैला ईगलटनने कॅम्पेनच्या वरिष्ठांना वॉशिंग्टनमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी मेडिकल रेकॉर्ड मागितले, ते येतील येतील म्हणता कधीच आले नाहीत.

इथे, म्हणजे २० ते २५ जुलैच्या मधे, खरा निर्णय घ्यायचा होता. पर्याय तीन. ताबडतोब बदला. किंवा डॉक्टरांशी बोलून, कागद बघून मग ठरवा आणि तोवर जाहीर सांगा की आम्ही तपासतोय. किंवा काहीही असो, ठाम पाठीशी उभे रहा.

मॅकगव्हर्न तेव्हा साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये सिल्व्हन लेकला सुट्टीवर होता. ईगलटन तिकडे गेला, २५ जुलैला सकाळी दोघं बोलले आणि लगेच प्रेस कॉन्फरन्स. ईगलटनने स्वतः सगळं सांगितलं, नंतरच्या प्रश्नांत शॉक ट्रीटमेंटही आली. मॅकगव्हर्न म्हणाला, हे आधी माहीत असतं तरी मी यालाच निवडलं असतं. आणि एक-दोन दिवसांत ते प्रसिद्ध वाक्य, मी टॉम ईगलटनच्या पाठीशी १००० टक्के आहे.

रेकॉर्ड बघितलेले नाहीत. डॉक्टरांशी बोलणं नाही. आणि १००० टक्के.

मग व्हायचं तेच. मोठ्या वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहून ईगलटनने जावं असं सुचवलं, देणगीदारांनी हात आखडले, राज्याराज्यातले उमेदवार घाबरून फोन करायला लागले. त्यात २७ तारखेला जॅक अँडरसन या नावाजलेल्या स्तंभलेखकाने रेडिओवर सांगून टाकलं की ईगलटन दारू पिऊन गाडी चालवताना अनेकदा पकडला गेलाय. पुरावा त्याच्याकडे नव्हता, पुढे त्याला ते मागे घ्यावं लागलं. पण या खोट्या आरोपाने ईगलटनला उलट सहानुभूती मिळाली आणि मॅकगव्हर्न आणखी कात्रीत सापडला, कारण आता काढलं तर खोट्या बातमीला भिऊन काढलं असं दिसणार.

आणि मग शुक्रवारी रात्री सिल्व्हन लेकच्या लॉजमधलं जेवण. पत्रकार आपापल्या टेबलांवर जेवतायत, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार एका टेबलावरून दुसऱ्यावर जाऊन हळूच सुचवतोय की निर्णय ईगलटनने घ्यायचाय. म्हणजे तू निघ, पण मी सांगितलं असं नको. ईगलटन तिकडे कॅलिफोर्नियात प्रचार करत होता, गर्दी चांगली जमत होती, आणि आपला पत्ता कटतोय हे त्याला पत्रकारांकडून कळलं. रविवारी टीव्हीवर पक्षाच्या अध्यक्ष जीन वेस्टवुड बाईंनी सांगितलं की त्याने स्वतःहून बाजूला होणं उदात्त ठरेल, त्याच दिवशी दुसऱ्या चॅनेलवर ईगलटन सांगत होता मी हटणार नाही. मतदारांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

सोमवारी ३१ जुलैला मॅकगव्हर्नने शेवटी ईगलटनच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं, संध्याकाळी दोघं भेटले, ईगलटन बाजूला झाला. १३ ते ३१, अठरा दिवस.

काय झालं

मग पुन्हा तीच वरात. केनेडी नाही, १९६८ चा उमेदवार हंफ्री नाही, रिबिकॉफ परत नाही, फ्लोरिडाचा गव्हर्नर ॲस्क्यू नाही, मस्की विचार करून नाही. ही नकारघंटा आता सगळ्या देशासमोर वाजत होती. ५ ऑगस्टला सार्जंट श्रायव्हर हो म्हणाला, परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या पीस कोअर या सरकारी संस्थेचा पहिला संचालक आणि केनेडींचा मेव्हणा, म्हणजे केनेडी मिळाला नाही तर निदान त्या घरचा जावई. ८ तारखेला पक्षाच्या समितीने शिक्का मारला. माणूस उत्तम होता, पण तोवर वरातीमागून घोडं.

७ नोव्हेंबरला निक्सनने ४९ राज्यं घेतली, मतांत साधारण ६१ विरुद्ध ३७.५. ईगलटनमुळे हरले असं म्हणणं भाबडेपणा आहे, निक्सन तेव्हा तसाही जिंकणारच होता. पण मॅकगव्हर्नची सगळी पुंजी म्हणजे हा माणूस सरळ आहे, बोलतो तसं वागतो. ती पुंजी एका आठवड्यात गेली. टाइम मासिकाच्या पाहणीत तीन चतुर्थांशांहून जास्त लोक म्हणाले होते की ईगलटनच्या आजाराने आमचं मत बदलणार नाही. म्हणजे लोकांना आजार पचला होता, शब्द फिरवणं पचलं नाही.

आणि समोरच्या तिकिटावर कोण होतं? निक्सनचा उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू, मेरीलँडमध्ये असल्यापासून कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात ऑक्टोबर १९७३ ला राजीनामा देऊन गेला. त्या उन्हाळ्यात सगळा देश एका माणसाच्या जुन्या डिप्रेशनवर चर्चा करत होता आणि पाकिटं घेणारा खुशाल प्रचार करत हिंडत होता. ईगलटनला मिसूरीने १९७४ ला परत सिनेटवर पाठवलं, १९८० ला पुन्हा.

आणखी एक चिमटा. एप्रिल १९७२ मध्ये रॉबर्ट नोव्हाक या पत्रकाराने एका नाव न सांगितलेल्या डेमोक्रॅट सिनेटरच्या हवाल्याने लिहिलं होतं की मॅकगव्हर्न गर्भपाताच्या, लष्करभरती टाळणाऱ्यांना माफी देण्याच्या आणि गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूचा आहे हे लोकांना कळलं की संपला तो. रिपब्लिकनांनी ती टीका वर्षभर वापरली. ईगलटन वारल्यावर २००७ ला नोव्हाकने नाव सांगितलं, तो सिनेटर ईगलटनच होता!

वेगळं काय करता आलं असतं

नेहमीचं उत्तर येतं की नीट चौकशी केली असती तर. समजा केली असती आणि १३ जुलैच्या सकाळीच कळलं असतं, तर ईगलटनला घेतलंच नसतं आणि प्रकरण मिटलं. पण कितीही चौकशी करा, काहीतरी सुटतंच. म्हणून मला सुटल्यानंतरचं वागणं जास्त महत्त्वाचं वाटतं. २५ जुलैला मॅकगव्हर्न एवढंच म्हणाला असता की टॉमने मोकळेपणाने सांगितलं याचा मला आदर आहे, डॉक्टरांशी बोलून आठवड्याभरात निर्णय सांगतो, तर पुढे ठेवला असता तरी चाललं असतं, काढला असता तरी. दोन्ही दारं उघडी राहिली असती. १००० टक्के म्हटल्यावर ठेवलं तर देणगीदार जातात, काढलं तर अब्रू जाते.

एक बाजू मात्र मॅकगव्हर्नचीही आहे. अण्वस्त्रांचं बटण जिथे असतं त्या खुर्चीच्या एक पायरी खाली बसणाऱ्याबद्दल डॉक्टर काय म्हणतात हे विचारणं हा कोतेपणा नाही. आणि डिप्रेशन झालेल्या माणसाला जाहीर हाकलणं त्यालाही जड जात होतं, त्याच्या स्वतःच्या घरात एक मुलगी पुढे डिप्रेशन आणि दारूशी झगडत गेली, ते त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलंय. १००० टक्के हे कदाचित राजकारण्याच्या हिशोबातून आलं नसेल, बापाच्या तोंडून आलं असेल. पण मग त्यावर टिकायचं तरी होतं.

चार वर्षांनी जिमी कार्टरने धडा घेतला. तिकीट जूनमध्येच पक्कं झालेलं, महिना हातात होता, त्याने विश्वासातल्या वकिलाला कामाला लावलं, लेखी प्रश्न पाठवले, आरोग्य, पैसे, सगळं, आणि काहींना जॉर्जियातल्या घरी, प्लेन्सला, बोलावून तासन् तास बोलला. त्यातून निवडला माँडेल, तोच, ज्याने १९७२ ला नाही म्हटलं होतं. तेव्हापासून वकिलांच्या फौजा आणि जाडजूड प्रश्नावल्या ही रीतच पडली.

१९८४ ला माँडेल स्वतः उमेदवार झाला. त्याने इच्छुकांना मिनेसोटात आपल्या घरी एकेक करून बोलावलं, अगदी कार्टरसारखं, आणि न्यूयॉर्कच्या जेराल्डिन फेरारोला निवडलं, मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली बाई. ऑगस्ट उजाडला आणि तिच्या नवऱ्याचे इन्कम टॅक्सचे कागद मागितले जायला लागले, नवरा आधी द्यायला तयार होईना, मग दिले, आणि भर उन्हाळ्यातले प्रचाराचे दिवस त्या खुलाशांत गेले.